भिंतीतला डावा हात

सांता लिब्रादाची तसबीर आधी खिडकीशेजारी होती. मग ती पलंगाच्या उशाशी आली, मग आणखी वीतभर खाली. एवढ्या मोठ्या संतबाईला बदलीच्या शिपायासारखं घरभर हलवत राहणं बरं नव्हे, हे एनेदीनाला कळत होतं. पण भिंतीवरचा काळा डाग वाढत होता आणि तसबीर काही वाढत नव्हती. जून लागला तसा डाग चौकटीच्या बाहेर डोकावू लागला, तेव्हा तिने खालच्या बाजूला दुकानातून मिळालेलं कॅलेंडर टांगलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. खोलीत पाऊल टाकलं की नाकाला कळायचंच. जुन्या गोणपाटाचा, कुजक्या पेंढ्याचा वास.

असा वास आमच्या ला इगेरिता गावातल्या घरांना येत नाही. आमची जुनी घरं सगळी कुडाची. खांब, आडव्या बोरूच्या काठ्या आणि दोन्ही अंगांनी काड घालून तुडवलेली लाल माती. अशी भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि वारं सुटलं की देऊन टाकते, तिला पोटात काही ठेवायची सवय नाही. शिवाय दर उन्हाळ्यात, मेचा पाऊस यायच्या आत, मातीचा पातळ हात फिरवायचा आणि वर चुना. चुन्यापुढे बुरशीची काय बिशाद! एनेदीनाचं घर तिच्या लग्नात गावाने एका दिवसात लिंपून दिलं होतं, आणि तेव्हापासून त्या भिंतींना बुरशीचा ठिपका ठाऊक नव्हता.

मग आताच का? त्याचं उत्तर एनेदीनाला माहीत होतं आणि तेच तिला कोणाला सांगायचं नव्हतं.

तिचा नवरा सोइलो डावखुरा. गावात मातीचा हात फिरवणारे पुष्कळ, पण सगळ्यांच्या बोटांच्या रेघा उजवीकडे झुकायच्या, सोइलोच्या तेवढ्या डावीकडे. "ही भिंत तुझ्या नवऱ्याने केलीय, दुसऱ्या कोणी केली असती तर सरळ झाली असती," असं लोक चिडवायचे. शेवटच्या उन्हाळ्यात त्याने आतल्या खोलीची पलंगामागची भिंत लिंपली. गुडघे गेले होते. स्टुलावरून उतरताना तोल जाऊ नये म्हणून त्याने खिडकीजवळ ओल्या मातीवर डावा पंजा टेकवला, आणि तो पुसायचा राहिला. "ईस्टरचा पवित्र आठवडा होऊ दे, मग चुना मारतो," म्हणाला. पवित्र आठवड्यातच तो गेला. अंगणात, हातात मक्याची टोपली, उभ्याचा खाली बसला आणि बसलेला उठलाच नाही.

पंजा भिंतीवर राहिला. पाची बोटं, तळव्याची खोलगट जागा, करंगळीच्या टोकाशी जरा निसटलेली माती. पुढच्या उन्हाळ्यात एनेदीनाने घरभर माती फिरवून घेतली, चुना मारून घेतला, पण त्या भिंतीला कोणाला हात लावू दिला नाही. मात्र उघडी माती झिजते. पंजाच्या कडांची भुकटी पलंगावर पडू लागली. रोज सकाळी ती चादरीवरून झटकावी लागायची. मग एक दिवस ती लास ताब्लासच्या बाजारात गेली आणि होड्यांना लावतात ते चकचकीत वार्निश घेऊन आली. तिने दार लावून पूर्ण भिंतीला दोन हात दिले. भिंत काचेसारखी झाली. पंजा जसाच्या तसा, बोट लावलं तरी कण पडेना. त्या रात्री ती नवरा गेल्यापासून पहिल्यांदा शांत झोपली.

आता भिंत बाहेरून पाऊस पीतच होती, पण आतून तिचं तोंड बंद झालं होतं.

हे सगळं दडपून राहिलंही असतं, पण यारिएला आली. एकुलती एक लेक, सातवा सरलेला, पहिलटकरीण. नवरा आबदिएल राजधानीत गोदीवर कामाला, घरात दिवसभर कोणी नाही, म्हणून ती बाळंतपणाला आईकडे आली. आली तेव्हा तिचा चेहरा भाजलेल्या पावासारखा टवटवीत होता. आतली खोली तिला दिली. तिथेच ती जन्मली होती आणि तिचं बाळही तिथेच पहिल्यांदा निजावं असं दोघींच्या मनात होतं. बोलली कोणीच नव्हती, पण पाळणा आधीच धुऊन पुसून ठेवलेला होता.

चार रात्री गेल्या आणि यारिएलाला खोकला लागला. आधी कोरडा, मग छातीतून शिट्टी वाजावी तसा. एनेदीनाने आल्याचा काढा दिला, मधाचं पाणी दिलं, छातीला तेल चोळलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! अंगणात, ओसरीवर यारिएला बरी असायची. खोलीत जाऊन आडवी झाली की सुरू.

"आई, या खोलीत काहीतरी मेलंय," ती एका सकाळी म्हणाली. "उंदीरबिंदीर."

"घरात मांजर आहे, उंदीर कसला मरतोय?"

"मग हा वास?"

"पावसाळा आहे बाळा. पावसाळ्यात वास येतोच."

"आपल्या घराला कधी येत होता?" असं म्हणत यारिएलाने सांता लिब्रादाला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं.

एनेदीना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात मक्याच्या पिठाचा गोळा. तसबिरीमागे मेणचट काळं पसरलं होतं, कडेला हिरवट. वार्निशला फोड आले होते. यारिएला मागे सरकली, तिने पदराने नाक झाकावं तसं झग्याच्या गळ्याने नाक झाकलं. मग तिची नजर खिडकीकडे गेली. तिथे अजून साफ होतं. वार्निशखाली बापाचा पंजा.

"म्हणून तू हे वार्निश...," ती म्हणाली आणि थांबली. पुढे होऊन तिने पंजावर हात ठेवला. तिचाही डावाच हात.

"हात लावू नकोस," एनेदीना म्हणाली. "डाग पडतील."

त्या दिवसापासून यारिएला ओसरीवर झुल्यात झोपू लागली. पण जूनचा पाऊस काही सरळ पडत नाही. मध्यरात्री वारा फिरला की झुला चिंब. तिसऱ्या दिवशी आबदिएलचा फोन आला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की एनेदीनाला चुलीपाशी ऐकू आलं. "बाळंतपणाला पाठवलं होतं, खोकल्याला नाही! ये परत. इथली भिंत सिमेंटची आहे, पण तिच्यावर शेती तरी पिकत नाही!"

यारिएलाने फोन ठेवला आणि म्हणाली, "चोवीस तारखेला सान हुआनचा सण आहे, तोपर्यंत बघते. नाहीतर जाते मी, आई. मला जायचं नाहीये. पण मला श्वास लागतो."

एनेदीनाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. एका हाताला नवरा होता आणि एका हाताला लेक, आणि दोन्ही मुठी तिला घट्ट मिटून ठेवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दिदिमा आली. दिदिमा म्हणजे यारिएलाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता, सोइलोची लहानपणची शेजारीण आणि गावात कोणाच्याही चुन्याच्या भांड्यात न विचारता बोट घालून चुना पारखणारी बाई. दात निम्मे उरलेत, जीभ मात्र शाबूत. ती कोणी बोलावल्याशिवाय येते आणि कोणी घालवल्याशिवाय जात नाही. दारातूनच तिने नाक मुरडलं.

"एने, घरात चीज मुरायला घातलंयस का गं?"

"बस, कॉफी घे."

"कॉफी नंतर." ती थेट आतल्या खोलीत गेली. तिने तसबिरीच्या जागी बोटाचं नख लावलं आणि वार्निशचा फोड ओढला. हातभर पोपडा सरसर निघाला. त्यामागून पाणी ओघळलं, गढूळ, काळं, आणि वासाचा असा भपका आला की दिदिमाही दोन पावलं मागे आली.

"होडीचं वार्निश?"

एनेदीनाने मान हलवली.

"होडीला लावतात ते पाणी आत येऊ नये म्हणून. तू लावलंस आणि पाणी बाहेर जाऊ दिलं नाहीस. अगं, तोंडावर उशी दाबल्यासारखं झालंय या भिंतीचं. आतलं काड कुजलं असेल. खरवड सगळं."

"सगळं नाही. खिडकीकडचं चांगलं आहे. तेवढं ठेवू."

"ओल काय हद्द विचारून थांबते? आज इथे आहे, महिन्याने तिथे. पोरीच्या छातीत शिरली तर?"

"तो सोइलोचा हात आहे, दिदिमा!"

"माहितीये मला. हाताला सहा बोटं असती तरी हेच म्हटलं असतं." मग दिदिमाचा आवाज जरा उतरला. "एक सांग. दर उन्हाळ्यात या भिंतीला माती कोण लावायचं?"

"तोच."

"आणि आदल्या वर्षीचे हात कुठे जायचे?"

एनेदीनाला राग आला. अंगात भिनावा तसा राग. नवरा जिचा तिलाच कळतं, असं काहीतरी ती बोलली. आणि दिदिमाचा नवरा जिवंत आहे, म्हणून तिला भिंती खरवडायला सोपं जातं, असंही. ते बोलायला नको होतं. दिदिमाने कॉफी न घेता टोपी उचलली. दारातून वळून म्हणाली, "सणाला उघडीप येईल. आठवडाभर ऊन मिळालं तर मिळालं. त्यानंतर लावलेली माती वाळत नाही, उलट तिला मोड येतात. तुझी भिंत, तुझी लेक. ठरव." ती गेली आणि बोलावल्याशिवाय पुन्हा आली नाही. तिच्यासारख्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ काय ते गावाला समजतं.

सान हुआनचा दिवस उगवला तो खरोखरच कोरडा. ढग रात्रीतून कुणी झाडून काढल्यासारखे गेले. माणसांनी चादरी, गाद्या, पोरं, सगळं उन्हात आणून टाकलं. कुठेतरी लांब शेतात कोणीतरी लांबलचक आरोळी दिली, दुसऱ्या शेतातून तिला उत्तर आलं. आमच्याकडची माणसं ऊन पडलं की अशी ओरडतात, कारण लागत नाही. यारिएला ओसरीवर पिशवी भरत होती. पिशवी भरताना खोकत होती.

एनेदीना आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिने पंजावर स्वतःचा हात ठेवला. सोइलोचा तळवा मोठा, तिची बोटं त्याच्या पेरापर्यंतच पोचायची. वार्निश थंड होतं, गुळगुळीत होतं. माती कधी अशी नव्हती. आणि एकदम तिला एक जुना उन्हाळा आठवला, यारिएला रांगत होती तेव्हाचा. भिंत नुकती लिंपलेली, त्यावर सोइलोच्या बोटांच्या रेघा, आणि तिने लाडात येऊन म्हटलं होतं, इथे चुना नको लावूस ना, तुझा हात किती छान दिसतोय. सोइलो हसला होता. कुंचा चुन्यात बुडवत म्हणाला होता, "हाताचं काय गं? हात पुढच्या वर्षी पुन्हा येईल." आणि फटाफट सगळं पांढरं करून टाकलं होतं. त्यानंतर दर उन्हाळ्यात तेच. स्वतःच्या हाताने स्वतःचा हात पुसायचा, शीळ घालत. त्याला कधी वाईट वाटलं नाही. भिंत टिकली ती त्यामुळे.

बाहेर यारिएला पुन्हा खोकली, आणि या वेळी खोकला लवकर थांबला नाही.

एनेदीनाने चुलीमागचा कोयता आणला. सुरुवात तिने पंजापासूनच केली. बाकीची भिंत आधी खरवडली असती तर शेवटी हात चालला नसता, एवढं तिला स्वतःबद्दल माहीत होतं. पात्याचं टोक वार्निशखाली घातलं आणि उचकटलं. पंजा सबंध निघेल असं तिला का कोण जाणे वाटत होतं. तसा निघाला नाही. अंगठा एकीकडे तुटला, तळव्याचे तीन तुकडे झाले, आणि मागची माती काळी, लिबलिबीत होती. म्हणजे तो हातसुद्धा आतून केव्हाच कुजायला लागला होता. एनेदीना जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. नवरा गेला तेव्हा लोक होते, पाहुणे होते, नऊ दिवस प्रार्थना होत्या, पोटभर रडायला सवडच मिळाली नव्हती.

यारिएला धावत आली. दारातच एनेदीनाने हात आडवा केला. "आत येऊ नकोस. श्वासात जाईल. जा, दिदिमामावशीला बोलाव. म्हणावं, आई चुकली. आणि चुना घेऊन ये म्हणावं."

दिदिमा अर्ध्या तासात आली. एकटी नाही, पाच-सहा बायका, दोन पुरुष आणि विरवलेल्या चुन्याचं पिंप घेऊन. चुना असा मिनिटात विरत नाही. तो तिने आधीच विरवून ठेवला होता, पण तसं तिने कबूल केलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

"एने, भिंत खरवडलीस की भूकंप केलास?"

"गप. नाकाला फडकं बांध."

दोघींमधलं भांडण तेवढ्यात मिटलं.

भिंत काठ्यांपर्यंत उघडी केली. कुजकं काड उपसलं, दारं-खिडक्या सताड उघडली, उघड्या काठ्यांवर आणि उरलेल्या मातीवर चुन्याचं पाणी मारलं, आणि भिंतीला दोन दिवस नुसतं ऊन आणि वारा खाऊ दिला. बाहेर अंगणात लाल मातीचा ढीग पडला. काड पेरलं, पाणी ओतलं, बायकांनी झगे खोचले आणि तुडवणं सुरू झालं. ग्वासिमो झाडाच्या सालीचं बुळबुळीत पाणी दिदिमाने स्वतः ढवळून घातलं. माती त्याने चिवट होते, पाऊस लवकर मुरत नाही. मग आरोळ्या, थट्टा, कोणाच्या मांडीला चिखल तर कोणाच्या जिभेला. चुलीवर मोठ्या भांड्यात कोंबडीचा रस्सा रटरटत होता. ज्याच्या घरचं लिंपण त्याच्याकडे जेवण, याला आमच्याकडे पर्याय नाही.

एनेदीना भिंतीचे काळे पोपडे, पंजाचे तुकडेही त्यातच, एका टोपलीत भरून घेऊन आली. "हेही घाला यात," ती म्हणाली. जुनी माती नव्यात तुडवायची रीतच आहे, त्यात वावगं काही नव्हतं.

दिदिमाने टोपलीत पाहिलं. मग एनेदीनाच्या तोंडाकडे. "बाकीची माती घातली मी. ही नाही घालता येत, बाई. ही घातली तर दोन वर्षांनी पुन्हा तेच. कुजकं विरजण आहे हे."

"मूठभर."

"मूठभरही नाही."

एनेदीना टोपली घेऊन परसात गेली, पेरूच्या झाडापलीकडे खड्डा करून तिने ती रिकामी केली आणि वर पायाने माती सारली. परत येऊन रश्श्यात मीठ बघितलं. मीठ कमी होतं.

यारिएलाला चिखलात उतरू दिलं नाही. पण तिसऱ्या दिवशी भिंतीवर हात फिरवायची वेळ आली तेव्हा ती हट्टाला पेटली. खिडक्या उघड्या होत्या, वास गेला होता, नव्या मातीला नुसता पावसाचा वास. शेवटी दिदिमाने तिला ठेंगण्या स्टुलावर बसवलं. "खालची खालची कर. वाकायचं नाही, पोट सांभाळ, आणि चुन्याला हात लावशील तर मार खाशील."

एनेदीना कॉफी घेऊन आत आली तेव्हा बायका वरच्या भागावर होत्या. त्यांच्या बोटांच्या रेघा उजवीकडे झुकत गेल्या होत्या, एकीसारख्या एक. आणि खाली, पाळणा येणार होता त्या उंचीवर, हातभर जागेत सगळ्या रेघा डावीकडे. यारिएला जीभ दाताखाली धरून डाव्या तळव्याने माती दाबत होती. ती खोकत नव्हती. तिचं लक्षही नव्हतं. एनेदीनाने तिला लहानपणी कितीदा उजव्या हाताने जेव म्हणून फटके दिले होते! बरं झालं ऐकलं नाही कार्टीने.

एनेदीनाने कॉफीचा पेला तिच्या स्टुलाशेजारी ठेवला.

ऊन आणखी काही दिवस टिकलं. माती फिकी पडली, नख लागेना, तेव्हा चुन्याचा दिवस ठरला. पिशवी केव्हाच रिकामी झाली होती. आबदिएलला फोनवर सांगून झालं होतं की बाळ बघायला त्यानेच इकडे यायचं आहे, आणि येताना खोकल्याचं औषध आणायची गरज नाही.

एनेदीनाने कुंचा घेतला. वरून पांढरं करत करत ती खाली आली. यारिएला दारात उभी होती, एक हात कमरेवर. तिने आपली हातभर जागा पाहिली, आणि तिलाही ते दिसलं. एवढे दिवस कसं दिसलं नाही, असा तिचा चेहरा झाला.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबांसारखं झालंय. एवढ्यावर नको ना लावूस चुना. एवढंच राहू दे."

एनेदीनाचा हात थांबला. कुंच्यातून चुना जमिनीवर ठिबकला, एकदा, पुन्हा एकदा. दिदिमा खिडकीबाहेरून बघत होती.

"हाताचं काय गं?" एनेदीना म्हणाली. "हात पुढच्या वर्षी पुन्हा येईल."

आणि तिने कुंचा डावीकडे झुकलेल्या रेघांवरून फिरवला.